वादळ, ऊन, पूर आणि पुण्याची झाडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात पहिला वळीव झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या गटातल्या सगळ्यांचे फोन वाजू लागतात. कुणाच्या गाडीवर फांदी पडलेली असते, कुणाला शेजारच्या बंगल्यातल्या झाडाची धास्ती असते, कुणाला सोसायटीच्या सभेत मांडायला मुद्दे हवे असतात. आम्ही रविवारी सकाळी टेकडीवर झाडं बघत हिंडणारी माणसं. झाडांचे डॉक्टर नाही. पण तेच ते प्रश्न इतक्यांदा आले, की एकदाची उत्तरं लिहून ठेवली. नवा प्रश्न आला की भर घालतो.

पावसाळ्यात आठवडाभर झड लागते तेव्हा फारशी झाडं पडत नाहीत. मग वळवाच्या अर्ध्या तासात रस्ताभर कशी पडतात?

दोन्ही वारे वेगळे आहेत. पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो आणि दिवसचे दिवस त्याच अंगाने वाहतो. झाड रोप असल्यापासून तो ओळखतं. वाऱ्याच्या रेषेतली दोन्हीकडची मुळं तंबूच्या दोरांसारखी जाड होत जातात. वळवाचं तसं नसतं. दुपारभर तापलेल्या हवेतून ढग दहा-बारा किलोमीटर उभा चढतो, आणि मग पावसागारांबरोबर वरची थंड, जड हवा धाडकन खाली आदळते. जमिनीला टेकली की चहूकडे फाकते. कर्वेनगरात वारा पूर्वेकडून सुटलेला असताना एरंडवण्यात तो उत्तरेकडून येत असू शकतो. झाडाने ज्या अंगाने कधी धक्का खाल्लेला नाही, नेमका त्याच अंगाने बसतो.

वेळही वाईट. मे महिन्यात गुलमोहर आणि सोनमोहर फुलांनी लदलेले असतात, रेन ट्रीवर नवी पानं गच्च आलेली असतात. पहिल्या सरीत हा सगळा पसारा भिजून जड होतो आणि शिडासारखा वारा धरतो.

तरीही आमचं म्हणणं असं, की पडलेल्या झाडापाशी गेलात तर आधी मुळं बघा. एका बाजूची मुळं सरळ रेषेत तुटलेली दिसतील, आणि ती तुटकी टोकं ताजी नसतील, काळी पडलेली असतील. तिथून कधीतरी केबल गेलेली असते, ड्रेनेज गेलेलं असतं किंवा नवा फुटपाथ झालेला असतो. जेसीबी आला त्याच दिवशी झाड अर्धं पडलं होतं. पेपरात मात्र नाव वाऱ्याचं येतं.

मोठ्या झाडाची मुळं खूप खोल असतात ना? वरचं दोन फूट खणलं तर एवढं काय बिघडतं?

शाळेच्या पुस्तकातल्या त्या चित्राने फार नुकसान केलंय: वर जेवढं झाड, खाली तेवढंच मूळ. सोटमूळ रोपाला असतं. मोठ्या झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर पसरलेली असतात. कारण साधं आहे. मुळांना श्वास घ्यावा लागतो, आणि हवा वरच्या मातीत असते. त्यात आपली पुण्याची जमीन म्हणजे हातभर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. वड-पिंपळ पाषाणाच्या फटीत मूळ घालतात, पण सगळ्यांना ते जमत नाही. म्हणून उन्मळलेल्या झाडाचा खालचा भाग परात उभी केल्यासारखा चपटा दिसतो.

ब्रिटनमध्ये बांधकामाच्या वेळी एक प्रमाण वापरतात: बुंध्याच्या व्यासाच्या बारा पट अंतरापर्यंत झाडाभोवतीची जमीन खणायची नाही, तिच्यावर वाळू-विटाही रचायच्या नाहीत. दोन फूट जाडीच्या झाडाला चोवीस फूट होतात. आपला अख्खा फुटपाथ सहा फुटांचा. इतकं अंतर पुण्यात कुठेच मिळणार नाही हे आम्हालाही कळतं. पण एका बाजूने खणून झालं असेल तर दुसरी बाजू तरी शाबूत ठेवा, एवढं मागणं जास्त नाही. पुण्यात पाटीशिवाय कुणी ऐकत नाही, तेव्हा ‘येथे खणू नये’ अशी एक पाटी झाडापाशीही लावायला हरकत नाही. फक्त खिळा ठोकू नका.

कोणती झाडं जास्त पडतात?

गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ, निलगिरी, रेन ट्री. झपाट्याने वाढणारी झाडं लाकूड घाईघाईने उभं करतात, त्यामुळे ते हलकं आणि ठिसूळ राहतं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, रेन ट्री मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. दोघांनी इथे सावली भरपूर दिली, त्यांना परके म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. पण पस्तीस-चाळीस वर्षांचा गुलमोहर म्हणजे म्हातारा गुलमोहर, हे लक्षात ठेवा. चिंच, कडुलिंब, करंज, अर्जुन ही मंडळी तुलनेने चिवट. चिंचेची फांदी वाकवून बघितलीत तर फरक हाताला कळतो.

जातीवर सगळं ठरत नाही, हेही खरं. चारही बाजूंनी काँक्रीटने आवळलेला वड पडलेला आम्ही पाहिलाय, आणि मोकळ्या मैदानातला म्हातारा गुलमोहर दरवर्षी एखादी फांदी टाकून उभाच आहे.

झाड वाऱ्याला तोंड देतं म्हणजे नेमकं काय करतं?

आधी पानं मिटतात, गुंडाळतात, एकमेकांना चिकटतात, म्हणजे वारा धरणारं क्षेत्र कमी होतं. मग बारीक फांद्या वाकतात. सगळ्या फांद्या एका तालात हलत नाहीत. प्रत्येकीचा झोका वेगळा असतो आणि त्यामुळे खोडापर्यंत पोचेस्तोवर धक्क्याचा जोर बराच जिरलेला असतो. एवढ्याने भागलं नाही तर झाड एखादी फांदी गमावतं. घरातल्या फ्यूजसारखंच: फांदी गेली, खोड वाचलं.

हे झालं त्या क्षणाचं. खरी तयारी वर्षानुवर्षं चालते. वाऱ्यात हलणारं झाड उंची कमी आणि जाडी जास्त धरतं. एका बाजूला कललेलं झाड वरच्या अंगाला ताण सोसणारं खास लाकूड घालतं आणि हळूहळू स्वतःला सावरतं. म्हणून रोपाला काठीशी करकचून बांधू नका. बांधायचंच तर सैल, आठाच्या आकड्यात सुतळी घालून, आणि वर्षा-दीड वर्षात सोडून द्या. दर पावसाळ्यात आम्ही पाच-पाच वर्षांची झाडं बघतो, ज्यांच्या खोडात ती सुतळी रुतलेली असते.

पावसाळ्यापूर्वी छाटणी केली की झाड सुरक्षित होतं ना?

कशी करता त्यावर आहे. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, चिरलेल्या फांद्या काढणं हे चांगलं काम आहे. पण आपल्याकडे छाटणी म्हणजे मुंडण.

आमच्या सोसायटीचीच गोष्ट सांगतो. आवारात रेन ट्री होता, तीन मजल्यांएवढा. सचिवकाकांनी एक कंत्राटदार आणला. त्याने दोन दिवसांत झाडाच्या पार्किंगकडच्या सगळ्या फांद्या निम्म्यातून उडवल्या. सगळे खूश. पुढच्या पावसात प्रत्येक तुटक्या टोकावर दहा-दहा फुटवे आले, छत्रीसारखे. जुनी फांदी खोडाच्या आतून वाढत आलेली असते; असा फुटवा सालीखालून निघालेला असतो आणि नुसता चिकटल्यासारखा लोंबतो. तिसऱ्या वर्षी त्यातलाच एक जोशीकाकूंच्या स्कूटरवर आला. शिवाय झाडाचा तोल दुसऱ्या अंगाला गेला तो गेलाच. मी त्या सभेला हजर होतो आणि गप्प बसलो होतो, हेही इथे नोंदवून ठेवतो.

फांदी तोडायचीच तर खोडाला जिथे मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या बाहेरून तोडावी, खोडाला खेटून नाही आणि खुंट ठेवूनही नाही. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड त्या भागाला आतून भिंत घालतं आणि नवं लाकूड वरून चढवतं. तो कडा कापलात तर भिंत घालणारे गवंडीच गेले. वर डांबर किंवा रंग फासायची गरज नसते.

आणि परवानगी लागते. १९७५चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम खासगी आवारातल्या झाडालाही लागू आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो.

बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक बसवले तर? स्वच्छ दिसतं, चिखल होत नाही.

याला लंडनची एक गोष्ट सांगावी लागेल. तिथल्या क्यू बागेत १७९८ साली लावलेला एक ओक आहे. १९८०च्या सुमारास तो खंगत चालला होता. पानं विरळ, वाढ थांबलेली. १६ ऑक्टोबर १९८७च्या पहाटे दक्षिण इंग्लंडवर भयंकर वादळ आलं. देशभरात सुमारे दीड कोटी झाडं पडली, एकट्या क्यूमध्ये सातशेच्या आसपास. या ओकला वाऱ्याने मुळांसकट उचललं आणि परत त्याच खड्ड्यात बसवलं. माळ्यांनी त्याला टेकू दिले आणि बाकीच्या पडझडीकडे वळले, हा काही जगत नाही असं धरून. तीन वर्षांनी बघतात तर ओक पूर्वीपेक्षा टवटवीत.

काय झालं होतं? दोनशे वर्षं माणसांच्या पायांखाली तुडवून मातीचा दगड झाला होता. वादळाने ती एका झटक्यात मोकळी केली आणि मुळांना हवा मिळाली. त्यानंतर क्यूमध्ये जुन्या झाडांच्या मुळांशी दाबाने हवा सोडून माती भुसभुशीत करायला सुरुवात झाली.

आता पेव्हर ब्लॉक बघा. खाली खडी अंथरून रोलर फिरवलेला, वर ब्लॉक, फटींत सिमेंट. पाऊस आत जात नाही, हवा जात नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. निदान तेवढं तरी करा. चिखल नको असेल तर पालापाचोळा पसरा, तीन-चार इंच, खोडाला न टेकवता. तो रोज झाडून जाळण्यापेक्षा कमी कष्टाचं आहे.

भर उन्हाळ्यात झाडाला चटका बसतो का?

बसतो. पानाच्या पाठीवर बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून वाफ जाते आणि माठासारखं पान गार राहतं. पण माठात पाणी असेपर्यंतच. मुळांना पाणी मिळेनासं झालं की झाड पर्णरंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण पान तापत जातं आणि अन्न तयार करणंही थांबतं.

२०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात उष्ण प्रदेशातल्या जंगलांवर एक अभ्यास आला होता. त्यात पानांची सहनशक्ती सरासरी ४६.७ अंश सेल्सियस धरली होती. त्यापुढे पानातली अन्न बनवणारी यंत्रणा कोलमडू लागते. हे हवेचं तापमान नव्हे, पानाचं. उन्हात धरलेलं, वाफ न सोडणारं पान हवेपेक्षा कितीतरी अंश जास्त तापतं. डांबरी रस्त्याकडेचं झाड वरून आणि खालून असं दोन्हीकडून भाजतं, म्हणून ४० अंशांच्या दिवशी त्याची काय गत होते याचा अंदाज करा.

आपल्या रानातल्या झाडांनी यावर जुना तोडगा काढलाय: पानंच टाकून द्यायची. मोई, सालई, काटेसावर, पांगारा, पळस उन्हाळ्यात निष्पर्ण होतात. कांडोळ, ज्याला भुत्या म्हणतात, त्याची पांढरी साल ऊन परतवते. टेकडीवर पहिल्यांदा येणारी माणसं मार्चमध्ये विचारतात, “अहो, ही सगळी झाडं मेली का?” नाही हो. झोपलीत.

मग चैत्रात, पाण्याचा थेंब नसताना, पालवी कुठून येते?

आमचा सगळ्यात आवडता प्रश्न. कडक उन्हात पिंपळ तांब्याच्या रंगाचा होतो, कोशिंब लालभडक होतो, आणि पाऊस दोन महिने लांब असतो.

जुनी पानं गळाली की पाण्याचा खर्च थांबतो आणि खोडात, मुळांत पाणी पुन्हा साठत जातं. खोलवरची काही मुळं मुरमाच्या फटींतला ओलावा ओढत असतात. दिवस मोठा होऊ लागला ही खूण झाडाला पुरते. ते पावसाची वाट बघत नाही. मृगाचा पाऊस येईल तेव्हा पानं तयार हवीत, पहिल्या दिवसापासून कमाई सुरू व्हायला हवी, असा हा हिशोब. कोवळ्या पानाचा लाल रंग ऊन अडवणारा आहे. हरितद्रव्य पुरेसं तयार होईपर्यंत तो पांघरूण धरतो.

म्हणूनच कोवळ्या पालवीवर आलेली उष्णतेची लाट किंवा अवेळी गारपीट झाडाला जास्त लागते. साठवलेली पुंजी पानांवर खर्च झालेली असते आणि तीच पानं जातात.

दुष्काळात झाड कशाने मरतं? तहानेने?

तहानेने, उपासाने किंवा किडीने. बहुतेक वेळा तिन्ही मिळून. खोडात पाण्याचे अखंड धागे मुळापासून शेंड्यापर्यंत ताणलेले असतात. माती कोरडी पडत गेली की ताण वाढतो आणि एका क्षणी धागा तुटतो, जागी हवेचा बुडबुडा येतो. ती नळी गेली. पुरेशा नळ्या गेल्या की त्यावरची फांदी वाळते. झाड शेंड्याकडून वाळत येतं ते यामुळे. पर्णरंध्रं मिटून बसलेलं झाड यातून वाचतं, पण साठवलेल्या अन्नावर जगतं आणि अशक्त होतं. अशक्त झाड डिंक-राळ पुरेशी करू शकत नाही, आणि तेवढ्यात खोडकिडा येतो.

कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६च्या दुष्काळानंतर जवळपास १३ कोटी झाडं मेली. त्यांतल्या कित्येकांना शेवटी सालीखालच्या भुंगेऱ्यांनी संपवलं. जर्मनीच्या हार्ट्‌झ डोंगरात २०१८च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची अख्खी वनं अशीच करडी पडली. तिथे एकाच जातीची, एकाच वयाची झाडं ओळीने लावलेली होती.

सोसायटीला यातून एवढं कळलं तरी पुष्कळ: दुष्काळाचा फटका दोन-तीन वर्षांनी दिसतो. “गेल्या वर्षी तर पाऊस चांगला झाला, मग आंबा आत्ता का वाळला?” याचं उत्तर त्याआधीच्या उन्हाळ्यात असतं, किंवा त्या साली बुजवलेल्या विहिरीत.

अतिवृष्टीत, पाणी तुंबलं तर?

दोन-चार दिवस बहुतेक झाडं काढतात. त्यापुढे मातीतली हवा संपते, मुळं गुदमरतात आणि पाण्यात उभं असलेलं झाडही कोमेजतं. ओढ्याकाठच्या झाडांना हे सवयीचं आहे. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन यांची मुळं पूर ओसरेपर्यंत तग धरतात. वाळुंज तर पाण्यात बुडालेल्या खोडालाही नवी मुळं फोडतो. आणि हीच मुळं काठ धरून ठेवतात.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, वीसहून अधिक माणसं गेली. ओढा कात्रजकडून सहकारनगर, दांडेकर पुलाकडे येतो. पूर्वी त्याला पसरायला काठ होते. आता दोन्हीकडे भिंती आहेत, आणि भिंतींत पाणी अडकलं की ते वेग धरतं. काठावर झाडं असती तर तेवढ्या पावसात पूर आलाच नसता, असं आम्ही म्हणणार नाही. पण झाडं हवीत तर आधी काठ हवेत.

डोंगरावर झाडं असली की दरड कोसळत नाही, हे खरं का?

अर्धं खरं. मुळं वरची चार-सहा फूट माती बांधून ठेवतात आणि पाणी उपसत राहतात, म्हणून उथळ घसरणी झाडांमुळे टळतात. पण दिवसचे दिवस मुसळधार कोसळून डोंगराची सगळी माती खडकापर्यंत तुडुंब भरली की घसरण मुळांच्याही खालून होते आणि झाडं मातीबरोबर येतात. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४च्या सकाळी असंच गाडलं गेलं, सुमारे दीडशे माणसांसकट. उतारावर वाफे, रस्ता किंवा घराचा पाया काढताना डोंगराचा पायथा कापला तर वरची झाडं काही करू शकत नाहीत.

टेकडीवर वणवा लागला की झाडं मरतात का?

मोठी सहसा नाही, लहान सगळी. आपल्या टेकड्यांवरची आग गवताची असते आणि झरकन पुढे जाते. पळस, साग, काटेसावर यांच्या जाड सालीआड जिवंत थर वाचतो. वरचं जळलं तरी बुंध्यातून फुटवे येतात. पण दोन-तीन वर्षांची रोपं, बिया, जमिनीवरची घरटी जातात. दरवर्षी आग लागणाऱ्या उतारावर म्हातारी झाडं असतात आणि पोरंबाळं नसतात, ते यामुळे.

जाळल्याने पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, हा समज आजोबांपासून चालत आलाय. पहिल्या पावसात राखेबरोबर मातीही वाहून जाते. आणि जवळपास प्रत्येक वणवा माणसाने लावलेला असतो. वीज पडून पुण्याच्या टेकडीवर फेब्रुवारीत आग लागत नाही.

टेकड्यांवरची गिरिपुष्पाची रानं काढून टाकावीत का?

यावर आमच्यातच भांडणं आहेत. उजाड टेकड्या पटकन हिरव्या करायला मध्य अमेरिकेतलं हे झाड लावलं गेलं आणि ते जगलं. त्याने माती थोडी सुधारली हे नाकारता येत नाही. पण एकाच जातीचं रान एकाच आजाराला, एकाच दुष्काळाला बळी पडू शकतं, आणि त्याच्या दाटीत देशी रोपं अवघडून राहतात. माझं मत: सरसकट तोड नको. दरवर्षी थोडी जागा मोकळी करावी, तिथे आपोआप उगवलेलं बाभूळ, हिवर, मेडशिंगी, मोई जपावं.

आणि जिथे मुळातच माळ आहे तिथे झाडं लावू नयेत. सासवड-सुप्याकडचं गवत म्हणजे पडीक जमीन नाही. मयूरेश्वर अभयारण्यातली चिंकारा हरणं त्याच गवतावर जगतात, आणि दुष्काळात जमीन धरून ठेवायला गवत झाडापेक्षा कमी नाही.

चक्रीवादळ तर समुद्राचं. पुण्याचा काय संबंध?

३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकलं, आणि घाट चढून आल्यावरही पुण्यात झाडं पाडण्याइतकं ते शिल्लक होतं. खाली दिवेआगरला नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नारळ वाकतो, झावळ्या टाकतो आणि बराच वारा सोसतो. पोफळ बारीक, दाटीत वाढलेली. एक पडली की चार घेऊन पडते. पुन्हा लावलेली पोफळ हातात पैसा द्यायला पाच-सात वर्षं घेते, म्हणजे वाडीवाल्याचं वादळ एका दिवसात संपत नाही.

किनाऱ्यावरची खरी ढाल खारफुटीची. १९९९च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातल्या गावांचा अभ्यास झाला, तेव्हा रुंद खारफुटी राखलेल्या गावांत माणसं कमी दगावल्याचं दिसलं.

जंगलातली झाडं रस्त्यावरच्यांपेक्षा चिवट असतात का?

एकेकटं झाड असेलच असं नाही. पण जंगल असतं. मुळशी किंवा वेल्ह्याकडच्या एखाद्या जुन्या देवराईत वादळानंतर जाऊन बघा. कडेची झाडं बुटकी, दाट, वाऱ्याला वर उचलून देणारी. आत उंच आंबे, बेहडे, त्यांना बांधणारी गारंबीची वेल, खाली झुडपं आणि पायाखाली वीतभर पाचोळा. त्या पाचोळ्यातून जूनचा पाऊस मुरतो आणि खालच्या झऱ्याला पुढे कित्येक महिने पाणी राहतं. एखादा बेहडा पडला तरी देवराईला ती हानी नसते. वर खिडकी उघडते, ऊन खाली येतं, आणि वर्षानुवर्षं कोपऱ्यात खुरटून बसलेली रोपं धावत सुटतात. रस्त्यावरचं झाड पडलं की त्या जागी सिमेंट येतं. फरक हा आहे.

झाडाला जुनी वादळं, जुने दुष्काळ लक्षात राहतात?

लाकडात राहतात. सागाची पानं दर उन्हाळ्यात गळतात, वाढ थांबते, म्हणून त्याच्या खोडात दरवर्षी एक वलय उमटतं. चांगल्या पावसाचं रुंद, दुष्काळाचं अरुंद. आपल्या पाषाणच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, सागाची वलयं मोजून हवामानखात्याच्या नोंदींच्याही आधीचा मोसमी पाऊस अभ्यासला जातो.

झाड पडणार हे आधी कळतं का?

पुष्कळदा कळतं, बघितलं तर. झाड अचानक कललेलं दिसणं, कलाच्या उलट बाजूला जमिनीला भेग किंवा उंचवटा येणं, बुंध्याशी टणक अळंबी, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यातून चिरत आलेली साल, एका अंगाची पानं विरळ होणं. यातलं पहिलं किंवा दुसरं दिसलं तर गाड्या हलवा आणि त्याच दिवशी पालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. झाड पडलंच असेल तर अग्निशमन दल, १०१.

ढोली दिसली की झाड तोडायची घाई करू नका. पोकळ नळीसुद्धा मजबूत असते. कडेचं जिवंत लाकूड पुरेसं जाड असलं तर ढोलीवालं झाड अनेक वर्षं उभं राहतं, आणि त्यात पिंगळा राहतो. ढोलीत सिमेंट मात्र भरू नका.

पडलेलं झाड पुन्हा उभं करता येतं का?

लहान असेल तर येतं. खोड मांडीएवढं किंवा त्याहून बारीक, एका बाजूची मुळं अजून जमिनीत, आणि पडून दोन-तीन दिवसांच्या आत. आधी उघड्या मुळांवर ओलं गोणपाट टाका. ऊन त्यांना तासाभरात मारतं. फाटलेली मुळं धारदार करवतीने साफ कापा, वरचा थोडा भार हलका करा, खड्डा मोकळा करून झाड हळूहळू उभं करा. दोर खोडाला थेट बांधू नका, मध्ये सायकलची जुनी ट्यूब घाला. तीन बाजूंनी टेकू द्या. माती पायाने धोपटू नका, पाणी सोडून बसू द्या. पुढचे दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. रोज तांब्याभर घालून उपयोग नाही.

मोठ्या झाडाला क्रेन लागते, आणि तरी ते सहसा जगत नाही. वड, पिंपळ, उंबर यांना अपवाद समजा. २०२०च्या निसर्गमध्ये पडलेला एक उंबर आम्ही आठ जणांनी उभा केला होता, गल्लीच्या तोंडाशी. दोन वर्षं त्याला धड पान नव्हतं. तिसऱ्या वर्षी बुंध्यापाशी फळं आली, आणि आता त्यांचा सडा पडतो म्हणून तक्रारी येतात.